दुसऱ्या पुलापलीकडची खोकडं

डॉक्टरबाईंनी कात्रीचं बोथट टोक आतड्यात सरकवलं आणि शिंप्यानं कापड उभं फाडावं तसं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरत नेलं. खोकड बेचाळिसावं होतं. आठवडाभर ते उणे ऐंशी अंशांवर गोठून पडलं होतं, कारण आत काही असलंच तर ते आधी मेलेलं असायला हवं. नाहीतर कापणाराच पुढचा रोगी. आतड्याची आतली बाजू त्यांनी काचपट्टीनं खरवडली, ती खरवड उंच काचपात्रातल्या पाण्यात ढवळली, गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी ओतून दिलं, पुन्हा नवं पाणी घातलं. चौथ्या खेपेला पाणी नितळ आलं. तळाशी उरलेला चमचाभर गाळ काळ्या बशीत घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि डोळे लावले.

पांढरे ठिपके. तांदळाच्या कणीहून बारीक. एक, दोन, पाच, बारा. मग मोजण्यात अर्थ उरला नाही. सुईच्या टोकानं त्यांनी एक ठिपका उलटवला. पुढे हुकासारख्या आकड्यांची कडी असलेलं डोकं, मागे चार कांडी, आणि शेवटचं कांडं अंड्यांनी टम्म फुगलेलं.

“आलास का परत,” त्या पुटपुटल्या.

पिशवीला बांधलेली चिठ्ठी त्यांनी चिमट्यानं सरळ केली. ‘दुसऱ्या पुलापलीकडे, रस्त्याची डावी कड. सकाळी साडेसहा. मादी. गाडीची धडक. अंग अजून गरम.’ अक्षर शाळेच्या फळ्यावर काढावं तसं गोल आणि सुटं. त्यांनी वही उघडून आधीची पानं उलटली. हा जंत याआधी दोनदा सापडला होता, नवव्या खोकडात आणि सव्विसाव्यात. दोन्हींच्या चिठ्ठ्या त्याच अक्षरातल्या, आणि दोन्हींवर तोच पूल.

त्या अक्षराचा धनी तासाभरानं मागच्या दारी हजर झाला. रस्तेदुरुस्ती खात्यातला जुना माणूस; रस्त्यावर मेलेली जनावरं उचलायचं काम त्याच्याकडे. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी त्याला पाठीमागे ‘गिधाड’ म्हणायला सुरुवात केली होती. ते त्याच्या कानावर गेलं, तेव्हा त्यानं ते नाव स्वतःच उचललं. फोन केला की खणखणीत आवाजात म्हणायचा, “गिधाड बोलतोय. एक मुंगूस आहे, घेणार का?” तिथल्यांत डॉक्टरबाई तेवढ्या त्यांना मामा म्हणत.

“आज काही नाही आणलं,” मामा दारातूनच म्हणाले. “रिकाम्या पिशव्या न्यायला आलोय.”

“मामा, बेचाळीस नंबरची ही मादी तुम्ही पुलाच्या पलीकडेच उचललीत ना? नक्की?”

“लिहिलंय तसंच. आमच्या वाडीच्या वळणावर.”

“तुम्ही त्या वाडीत राहता?”

“जन्मापासून. का? काय निघालं?”

डॉक्टरबाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. मामांनी टोपी काढली, एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला आणि बराच वेळ तसेच राहिले.

“एवढंसं?”

“एवढंसंच. खोकडाला त्याचं काही नाही. ते उंदीर खातं, उंदरातून हा जंत पोटात जातो, तिथं मजेत राहतो. पण अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. गवतावर, मातीत, भाजीच्या पानांवर. साध्या थंडीत मरत नाहीत. घरी उकळलं तरच मरतात.”

“माणसाला होतो हा?”

“होतो. मोठा जंत होत नाही. यकृतात गाठ धरते. दहा दहा, पंधरा पंधरा वर्षं काही दुखत नाही, खुपत नाही. कळतं तेव्हा डॉक्टरलासुद्धा कॅन्सरसारखं दिसतं.”

मामांनी भिंगावरचा डोळा काढला. टोपी डोक्यावर घातली, परत काढली, परत घातली. मग रिकाम्या पिशव्यांची घडी काखेत मारून ते निघाले.

“चहा?” बाईंनी विचारलं.

“राहू द्या आज.”

प्रयोगशाळेचे साहेब वाईट माणूस नव्हते. आपल्या खुर्चीला आणि दुसऱ्याच्या पोटाला धक्का लागू नये, एवढंच त्यांना वाटे. बेचाळिसातली तीन, म्हणजे किती टक्के, हे त्यांनी कागदावर काढलं आणि पेन खाली ठेवलं.

“मॅडम, वार्षिक अहवालात घालू.”

“वर्ष संपायला आठ महिने आहेत, साहेब.”

“त्या वाडीतला पाला आणि गाजरं अख्ख्या शहरात जातात. उद्या मी कागद काढला, तर परवा बाजारात त्यांच्या टोपलीला कोणी हात लावणार नाही. तेरवा वाडीतली माणसं बंदुका घेऊन खोकडांमागे निघतील. आणि एवढं सगळं कशावर? तुमच्या बशीतल्या ठिपक्यांवर. एक तरी माणूस आजारी आहे का तिथं?”

“बघितल्याशिवाय कसं सांगू?”

“मग बघा.” साहेब सुटल्यासारखे झाले. “आरोग्य खात्याची सोनोग्राफीची गाडी आहे. दोन दिवसांसाठी मागून बघतो. पण त्यांना निदान पन्नास नावं लागतात. नाहीतर गाडी हलत नाही.”

त्यांना वाटलं असावं, पन्नास नावं काही जमायची नाहीत, आणि विषय आपोआप थंड होईल. डॉक्टरबाईंची सासू तिथं असती तर तिनं साहेबांना आधीच सावध केलं असतं. सून घरात आली त्या वर्षी बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ तिनं सलग अकरा रविवार उघडून बसून चालू केलं होतं. तेव्हापासून सासूबाई तिला कौतुकानं आणि वैतागानंही ‘चिवट’ म्हणत.

त्या संध्याकाळी चिवट सून स्वयंपाकघरात पालेभाजी धूत होती. तिसरं पाणी झालं तशा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“अगं, भाजीचा रंग जाईल आता.”

“जाऊ दे. आणि आई, उद्यापासून गाजर कच्चं नाही खायचं. उकडून.”

“दात गेले तेव्हापासून मी उकडूनच खातेय. तुझा जंत मला घाबरून आहे.” मग जरा वेळानं त्यांनी हळूच विचारलं, “पण खरंच काही आहे का तिथं?”

“आहे, आई. कुणात आहे ते माहीत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरबाई कामावरून सुटल्या की पुलापलीकडे जाऊ लागल्या. वाडी म्हणजे चाळीसएक घरं, त्यांच्या मागे पाटाच्या कडेनं लांबत गेलेले भाजीचे वाफे, आणि वाफ्यांच्या टोकाला सडका पाला टाकायचा उकिरडा. उकिरड्याभोवती गवत कमरेएवढं आणि गवतात उंदरांच्या वाटा, बोटानं रेघा ओढल्यासारख्या. खोकडांना आणखी काय हवं? बाईंनी विचारलं तर लोक कौतुकानंच सांगत. हो, येतात की. पिल्लं तर इतकी धीट, की अंगणात खेळतात. आमचा कुत्रासुद्धा आता भुंकत नाही त्यांच्यावर.

हे कौतुक तपासणीचं नाव काढेपर्यंत टिकायचं.

“आम्हाला काही झालेलं नाही,” पहिल्या घरातला माणूस म्हणाला आणि पुरावा म्हणून त्यानं भरलेली घमेली उचलून दाखवली.

दुसऱ्या घरात म्हातारबा म्हणाले, “माझ्या पोटात काय आहे ते मला नाही बघायचं. इतकी वर्षं आमचं बरं चाललंय.”

तिसऱ्या घरातला तरुण तावातावानं बाहेर आला. “मग मारून टाका ना ती खोकडं एकदाची! चार दिवसांचं काम.”

“मारली तर जागा रिकामी होते,” बाई म्हणाल्या. “महिन्याभरात दुसरीकडची तरणी खोकडं येऊन बसतात. तरण्यांत जंत जास्त असतात. त्यापेक्षा आहेत त्यांना औषध घालायचं.”

“खोकडाला औषध? चमच्यानं पाजणार का?” आजूबाजूचे हसले. बाईही हसल्या, आणि आमिषात गोळी कशी घालतात ते त्यांनी उभ्या उभ्याच समजावून सांगितलं. ऐकून घेऊन तरुणानं दार लावलं.

सगळ्यांत अवघड होत्या मळेवाल्या काकू. वाडीतला सगळ्यांत मोठा मळा त्यांचा, आणि त्यांनी मान हलवली की वाडी हलायची. बाई गेल्या तेव्हा काकू अंगणातल्या नळाखाली गाजरं धुवत बसल्या होत्या. मनगटापर्यंत चिखल, कपाळावर चिखलाची बोटं.

“ऐकलंय मी सगळं,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “तू जनावरांची डॉक्टर ना? मग जनावरांकडे बघ.”

“जनावरांकडे बघूनच आले, काकू.”

“तुझ्या त्या जंतापायी माझी गाजरं सडायची टोपलीत. चाळीस घरं बसतील हात चोळत. त्याचं काय?”

“गाजर शिजवलं की काही होत नाही. मी बाजारात उभी राहून सांगेन लोकांना. पण ज्यांचे हात रोज या मातीत आहेत त्यांना आधी बघायला हवं. तुम्हाला.”

काकूंनी एक गाजर उचललं, पदराला पुसलं आणि बाईंकडे बघत कचकन चावा घेतला. शांतपणे चावून गिळलं.

“जा आता,” त्या म्हणाल्या.

बाई गेल्या आणि परवा पुन्हा आल्या. मग तेरवा. तीन आठवडे त्यांनी वाडीचा उंबरा सोडला नाही. शेवटी लोक त्यांच्या वहीला कंटाळले. ‘लिहून घे बाई नाव आणि जाऊ दे आम्हाला’ असं म्हणून एकेकानं नाव दिलं. त्रेपन्न झाली. मळेवाल्या काकूंचं त्यात नव्हतं. मामांचंही नव्हतं.

“मामा, तुम्ही निदान शेजाऱ्यांना तरी सांगा. तुमचं ऐकतील.”

मामांनी खांद्यावरची पिशवी सावरली. आत रानमांजर होतं, शेपूट बाहेर लोंबत होतं. “बाई, मी मेलेली जनावरं उचलतो. जिवंत माणसं उचलायला नका सांगू.”

एवढं बोलून ते गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच बाईंना त्यांचा राग आला. तरी चिठ्ठी वाचताना त्यांच्या लक्षात आलं, अक्षर नेहमीसारखं गोल नव्हतं.

गाडी बुधवारी आली आणि वाडीच्या तोंडाशी उभी राहिली. आत एक पलंग, एक यंत्र आणि सोनोग्राफीची तरुण डॉक्टर. बाहेर सावलीत बारा खुर्च्या. दुपारपर्यंत सात माणसं आली. त्रेपन्नातली सात. बाकीची वाफ्यांत वाकलेली दिसत होती, आणि गाडीकडे पाठ करून वाकलेली होती.

सातांत काही सापडलं नाही. चारच्या सुमाराला साहेबांचा फोन आला. “मॅडम, आरोग्यवाले विचारताहेत, उद्या गाडी तिथं ठेवायची की दुसरीकडे न्यायची.”

“ठेवायची.”

“कोणासाठी?”

“दोन दिवसांसाठी दिलीय ना, साहेब? मग दोन दिवस ठेवायची.”

त्यांनी फोन ठेवला आणि रिकाम्या खुर्च्या एकात एक घालून रचायला घेतल्या. शेवटची खुर्ची उचलताना त्यांना मामा दिसले. अंगावर धुतलेला सदरा होता, पायात रस्त्याच्या कामाचे बूट नव्हते, आणि दोन्ही हातांत एक मोठं तपकिरी पाकीट होतं. ते त्यांनी असं धरलं होतं, की जणू त्यात पाणी आहे.

“आत ती डॉक्टर आहे का अजून?”

“आहे. झोपता का पलंगावर?”

“मी झोपतो नंतर. आधी हे बघा म्हणावं.”

पाकिटात पोटाच्या स्कॅनची जुनी फिल्म होती. कडा पिवळ्या पडल्या होत्या, कोपऱ्यात नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती आणि एका बाईचं नाव होतं. सोनोग्राफीच्या डॉक्टरनं ती गाडीच्या खिडकीवर उजेडासमोर धरली. आधी सहज, मग जवळ जाऊन. बोटानं तिनं यकृताच्या उजव्या भागातली एक वेडीवाकडी सावली दाखवली, आणि सावलीत विखुरलेले पांढरे कण.

“कोणाची ही?”

“माझ्या बायकोची,” मामा म्हणाले. “मोठ्या दवाखान्यात सांगितलं, कॅन्सर. फार पसरलाय, हात लावण्यासारखं नाही, घरी न्या. मी नेली. सात महिने होती.”

डॉक्टरनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी फिल्म हातात घेतली. माणसाच्या यकृताच्या फिल्म वाचणं हे त्यांचं काम नव्हतं. पण ही सावली कशी दिसते हे गेल्या महिन्याभरात त्यांनी पुस्तकांतून इतक्यांदा पाहिलं होतं, की डोळे मिटून काढून दाखवली असती.

“कॅन्सर असा दिसत नाही,” सोनोग्राफीची डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. “हे कण असे... मला तरी हा जंतच वाटतो. कागदावर लिहून द्यायला, तेव्हा तपासणीसाठी काढलेला त्यांच्या गाठीचा तुकडा दवाखान्यात ठेवलेला असेल, तो पुन्हा तपासावा लागेल. पण मला वाटतं, तोच.”

मामांनी मान हलवली. आपल्याच गावाचा पत्ता कोणी बरोबर सांगावा, तशी.

“तिथं एक शिकाऊ डॉक्टर होता,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी आला आणि तिला विचारलं, घरात कुत्रा आहे का, आसपास रानातलं जनावर फिरतं का. ती म्हणाली, आमच्या नळामागं खोकडीण व्यालीय, चार पिल्लं आहेत. त्यानं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याची बदली दुसऱ्या वॉर्डात. पुन्हा कोणी विचारलं नाही. मी घरी येऊन विचार केला, उगाच कोण कशाला असं विचारील? काहीतरी असणार. खोकडात काहीतरी असणार.”

“म्हणून तुम्ही...”

“माझं काम गुरं आणि कुत्री उचलायचं. ती पुरायची, संपलं. खोकडं आणायला मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या आधीचे दोघे नको म्हणायचे, वास येतो म्हणायचे, कचऱ्यात टाकायचे. मी पुढचं आणायचो. चिठ्ठी लिहून आणायचो. कोणीतरी कधीतरी वाचील.”

 यंत्राचा पंखा भिरभिरत होता. मामांनी फिल्म परत पाकिटात घातली. पाकिटाचं तोंड नीट दुमडलं आणि अंगठ्यानं घडी दाबली.

“बाई, एक विचारू? खरं सांगा.”

“विचारा.”

“तेव्हा यावर औषध होतं?”

डॉक्टरबाईंना उत्तर माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी होतं, वीस वर्षांपूर्वीही होतं. रोजच्या गोळ्या. गाठ वाढायची थांबते. माणूस वीस वीस वर्षं जगतो. ‘तेव्हा तेवढं चांगलं नव्हतं’ हे चार शब्द त्यांच्या तोंडाशी आले होते. म्हटले असते, तर मामा मुकाट घरी गेले असते आणि कदाचित झोपलेही असते. त्यांनी मामांच्या हातांकडे पाहिलं. नऊ वर्षं या हातांनी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, आणि एकीतही खोटा शब्द नव्हता.

“होतं, मामा.”

 मामांनी गाडीच्या पायरीवर बसकण मारली. समोरच्या वाफ्यांवरून उन्हं खाली गेली, नळापाशी कोणाची तरी घमेली वाजली.  मग मामा उठून पलंगावर झोपले, सदरा वर केला आणि तपासून घेतलं. त्यांचं यकृत स्वच्छ होतं.

“बघा,” ते उठताना म्हणाले, “मी उघड्या हातांनी उचलत होतो, मला काही नाही. ती नुसती गाजरं धूत होती.” आणि पाकीट काखेत घेऊन चालते झाले.

गुरुवारी सकाळी डॉक्टरबाई वाडीवर पोचल्या, तेव्हा खुर्च्या कोणीतरी आधीच मांडल्या होत्या. सगळ्या बारा भरल्या होत्या, आणि मागे रांग उभी होती. घमेलीवाला होता, पोटात बघायला नको म्हणणारे म्हातारबा होते, खोकडं मारायला निघालेला तरुण आपल्या आईचा हात धरून उभा होता. रांगेच्या कडेनं मामा फिरत होते, कोणाला पुढे सरक म्हणत, कोणाला सावलीत ओढत. पाकीट काखेतच होतं.

मामांनी काय सांगितलं ते बाईंना तरुणाकडून कळलं. “काल दिवे लागायच्या वेळेला मामा घरोघर गेले. आत नाही आले, दारातच उभे राहून बोलले. म्हणाले, माझी बायको कॅन्सरनं नाही गेली. आपल्या मातीतल्या जंतानं गेली. त्याला औषध आहे. उद्या सकाळी गाडीपाशी या. एवढंच. शिवी नाही, रडणं नाही. त्या मामी आम्हाला लहानपणी...” तो थांबला. “सगळ्यांना आठवतात त्या.”

दहाच्या सुमाराला मळेवाल्या काकू आल्या. रांगेनं त्यांना वाट करून दिली. त्यांनी ती घेतली नाही, शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पाऊण तास त्या उन्हात उभ्या होत्या. पायरी चढताना बाईंना म्हणाल्या, “ती आणि मी एकाच नळावर गाजरं धुवायचो. वीस वर्षं.”

एकशे अठरा माणसं तपासली. तिघांच्या यकृतात गाठी निघाल्या. एक म्हातारबांच्या, इतकी जुनी की आपोआप सुकून चुन्यासारखी झालेली. “म्हटलं होतं ना बरं चाललंय,” ते म्हणाले आणि खुशीत घरी गेले. एक तरुणाच्या आईच्या, सुपारीएवढी. तिसरी, लिंबाएवढी, काकूंच्या.

त्यानंतर गोष्टी चालू लागल्या, तरी पळाल्या नाहीत. दवाखान्यातून मेणात ठेवलेला मामींच्या गाठीचा तुकडा मिळवायला बाईंना पाच पत्रं लिहावी लागली. निकाल आला, जंतच होता; तो कागद त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि उभ्या राहिल्या. साहेबांनी दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला घेतला तो मध्येच ठेवून दिला.

“ह्यांच्या नवऱ्यानंच आणली ना ती खोकडं?”

“हो.”

“आणि आपण कचऱ्यात टाकली.”

 साहेबांनी पेनाचं टोपण काढून, वर्ष संपायची वाट न बघता, कागदावर सही केली. महिन्याभरात गोळी घातलेली आमिषं आली. दर चार आठवड्यांनी वाडीतलेच लोक ती उकिरड्यापासून पुलापर्यंत टाकू लागले. उकिरड्याला जाळी बसली, कुत्र्यांना जंताचं औषध सुरू झालं. बाजारात थोडे दिवस कुजबुज झाली. डॉक्टरबाई सांगितल्याप्रमाणे टोपल्यांशेजारी दोन शनिवार उभ्या राहिल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘शिजवून खा’ म्हणून सांगत गेल्या. सोबत सासूबाई, खुर्ची टाकून, आपल्या दातांचा किस्सा गिऱ्हाइकांना ऐकवत. गाजरं खपली.

काकूंच्या गोळ्या सुरू व्हायच्या दिवशी त्यांनी डॉक्टरबाईंना बोलावणं पाठवलं. काकू ओसरीवर पाय सोडून बसल्या होत्या. मांडीवर गोळ्यांचं पाकीट, अजून न फोडलेलं. पायरीवर मामा बसले होते. सकाळपासूनच बसले असावेत.

“मोठ्या दवाखान्यातले बोलतात, पण कळेल असं नाही बोलत,” काकू म्हणाल्या. “तू जनावरांची डॉक्टर आहेस, पण माणसाशी बोलतेस. सांग. या किती दिवस घ्यायच्या?”

“दिवस नाही, काकू. आजपासून सुरू करायच्या, मग ऑपरेशन होईल. ते चांगलं झालं तरी पुढं दोन वर्षं घ्याव्याच लागतील. गाठ सगळी निघाली नाही तर आयुष्यभर.”

 अंगणापलीकडे वाफ्यांत पाणी सोडलेलं होतं, ते एकेका सरीतून पुढे सरकत होतं. काकूंनी ते दोन सऱ्या पुढे जाईपर्यंत पाहिलं.

“म्हणजे आयुष्य आहे म्हणायचं,” त्या म्हणाल्या.

 मामा पायरीवरून उठले, आत गेले, आणि पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला एक थेंब न सांडता घेऊन आले. काकूंनी पाकीट फोडलं. गोळी जिभेवर ठेवली, पेला घेतला.

त्या गिळेपर्यंत मामा उभे राहिले.